हिमनदीकाठचं मॉलिब्डेनम : मुंबई डेस्कच्या प्रकल्प नोंदी

काम: मॉलिब्डेनम या धातूचा साठा शोधणं. क्षेत्र: कॅनडातला वायव्य ब्रिटिश कोलंबिया, कोस्ट पर्वतरांग, स्ट्युअर्ट गावाच्या उत्तरेकडचे क्लेम (खनिज शोधायचा हक्क घेतलेले तुकडे). डेस्क: अंधेरी. फील्डचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर. त्याआधी आणि त्यानंतर जे काही होतं ते इथेच, खुर्चीत बसून.

१२ फेब्रुवारी २०२५

जुने अहवाल लावायला घेतले. कंपन्यांनी ब्रिटिश कोलंबिया सरकारकडे जमा केलेले अन्वेषण अहवाल काही काळाने सगळ्यांना खुले होतात. या भागाचे साठ-सत्तरच्या दशकातले स्कॅन उतरवून घेतले. टंकलिखित, फुटांत, आणि निम्म्या नकाशांच्या घड्या स्कॅनरखाली तशाच राहिलेल्या.

पहिला गोंधळ एककांचा. जुन्या अहवालात 'टक्के' म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे, मॉलिब्डेनाइट या खनिजाचे, टक्के. आजची लॅब नुसत्या मॉलिब्डेनमचे पीपीएम (दहा लाखांत किती भाग) देते. डायसल्फाइडमध्ये वजनाने जेमतेम ६० टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणजे गुणक १.६६८. जुना ०.२० टक्के हा आजचा ०.१२ टक्के, म्हणजेच १२०० पीपीएम. काही अहवालांत एकाच पानावर दोन्ही आकडे आहेत आणि मथळ्यात फक्त 'मॉली' लिहिलंय. तेव्हा डेटाबेसमध्ये सगळं मॉलिब्डेनमच्या पीपीएममध्ये. मूळ आकडा आणि मूळ एकक शेजारच्या रकान्यात, जसंच्या तसं. रूपांतर करून मूळ पुसायचं नाही.

दुसरा गोंधळ जागेचा. जुने नकाशे १९२७ च्या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या पायावर), आपले १९८३ च्या. तफावत शंभर-दोनशे मीटरची. सपाट देशात हे खपून जातं. इथे तेवढ्यात ड्रिलहोल कड्यावरून हिमनदीवर जाऊन पडतं. एका जुन्या होलचं तसंच झालं, रूपांतर केल्यावर ते बरोबर खडकाच्या सोंडेवर आलं.

शेजार चांगला आहे. दक्षिणेला ॲलिस आर्मजवळ किट्सॉल्टची खाण १९६७ ते ७२ आणि पुन्हा १९८१-८२ मध्ये चालली. सीमेपलीकडे अलास्कात केचिकनजवळचा क्वार्ट्झ हिलचा साठा १९७४ मध्ये सापडला. हे दोन्ही कमी फ्लोरीनवाले. कोलोराडोतल्या क्लायमॅक्स, हेंडरसनच्या जातीच्या साठ्यांत फ्लोरीन, टिन, टंगस्टन, निओबियम, रुबिडियम हे सगळे सोबत येतात. आपल्याकडे कुठली जात आहे हे ठरल्याशिवाय लॅबला कुठली मूलद्रव्यं मागायची ते ठरत नाही. नमुना चार आम्लांत विरघळवायच्या पद्धतीत फ्लोरीन येतच नाही, त्याला वेगळं फ्यूजन (नमुना आधी वितळवणं) लागतं आणि वेगळे पैसे. टिनचंही तेच, त्याचं खनिज कॅसिटराइट आम्लात नीट विरघळत नाही. पहिल्या फेरीत दहातल्या एका नमुन्याला फ्यूजन.

डेटाबेसमध्ये एक रकाना आजपासून सक्तीचा: 'मूळ'. मॉलिब्डेनमच्या प्रत्येक चढ्या आकड्यापुढे चारपैकी एक लिहायचं: जागचा खडक, बर्फाने आणलं, पाण्याने आणलं, आपणच घातलं. ठरत नसेल तर रिकामं ठेवायचं. रिकामा रकाना असलेल्या आकड्यावर ड्रिलपॅड (रिग उभी करायची जागा) मागायचा नाही.

२६ फेब्रुवारी

उपग्रहचित्रं. या अक्षांशाला कामाची खिडकी अरुंद आहे: मागच्या हिवाळ्याचा बर्फ ऑगस्टअखेरीपर्यंत वितळतो, नवा सप्टेंबरच्या मध्यानंतर कधीही पडतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ढग नसलेलं चित्र मिळालं तर नशीब. सेंटिनेल-२ चे प्रत्येक वर्षाचे तेवढेच दिवस चाळले.

बर्फ वेगळा काढायला हिरवा पट्टा आणि लघुतरंग अवरक्त पट्टा यांचा नेहमीचा निर्देशांक, मर्यादा ०.४. सावलीतला ओला खडक आणि तळीही त्यात बर्फ म्हणून घुसतात, म्हणून जवळच्या अवरक्त पट्ट्याची दुसरी चाळणी लावली. उत्तरेकडच्या उतारांवर तरीही भरवसा नाही. सप्टेंबरात सूर्य इतका खाली असतो की कड्याची सावली अख्खी दरी खाते. ते भाग नकाशावर करडे ठेवले. 'काही नाही' आणि 'दिसत नाही' यांना एक रंग द्यायचा नाही.

सेरिसाइटसाठी, म्हणजे साठ्याभोवती खडक बदलून होणाऱ्या बारीक अभ्रकासाठी, ॲस्टर हा उपग्रहावरचा संवेदक. त्याचे लघुतरंग अवरक्त पट्टे एप्रिल २००८ पासून निकामी आहेत, म्हणजे २००० ते २००८ चीच चित्रं. पट्टा ५ अधिक ७, भागिले ६. दोन जागा उजळल्या. त्यातली मोठी म्हणजे गंजलेला तांबडा कडा, जो साध्या फोटोतही दिसतो.

त्या कड्याच्या प्रेमात पडू नये. गंज पायराइटचा (लोहाच्या सल्फाइडचा) असतो, आणि पॉर्फिरी पद्धतीच्या साठ्यात, म्हणजे शिलारसाच्या घुसणीभोवती शिरांच्या जाळ्यात झालेल्या साठ्यात, पायराइट बहुधा बाहेरच्या वलयात जास्त, मॉलिब्डेनाइट आत. सर्वांत भडक तांबड्यावर रिग उभी करणं म्हणजे घर सोडून कुंपण खणणं. गाभा बहुतेक फिकट, सिलिकायुक्त, कंटाळवाणा दिसणारा खडक असतो.

१८ मार्च

मध्यवर्ती मोरेनचे पट्टे आखले. या प्रकल्पात डेस्कवरून जे काही करता येतं, त्यातलं सगळ्यात उपयोगी काम हेच.

दोन हिमनद्या जिथे मिळतात तिथे दोघींच्या काठचा दगडगोट्यांचा माल एकत्र होतो आणि पुढे बर्फाच्या पाठीवरून एक काळी रेघ होऊन चालतो. हीच मध्यवर्ती मोरेन. उपनद्या जितक्या, रेघा तितक्या. पाण्याच्या नदीत गाळ मिसळतो, बर्फात पट्टे मिसळत नाहीत. मैलोन् मैल शेजारी शेजारी राहतात. तेव्हा खाली, हेलिकॉप्टर उतरेल अशा सपाट बर्फावर, एका रेघेतले गोटे तपासले की वर संगमावरच्या सोंडेचा खडक तपासल्यासारखं होतं. त्या सोंडेवर दोर लावून चढायला एक दिवस आणि एक गाइड लागतो. रेघेवर तासाभरात काम होतं.

अटी मात्र आहेत. हिमरेषेच्या वर पडलेला दगड नव्या बर्फाखाली गाडला जातो आणि खूप खाली वितळून वर येतो. जितका वरचा, तितका टोकाशी बाहेर. म्हणून एकाच रेघेत वरच्या आणि खालच्या ठिकाणचे गोटे वेगवेगळ्या उंचीचे असू शकतात. एका रेघेवर तीन ठिकाणी थांबायचं. दुसरं, रेघ वेटोळी दिसली तर ती हिमनदी मधूनच उसळी मारणारी आहे. तिथे मागचा माग सरळ काढता येत नाही. पूर्वेकडच्या हिमनदीवर अशी दोन वेटोळी दिसली, ती यादीतून बाद.

थांब्याची पद्धत: २५ मीटर लांबीत मुठीएवढे ते डोक्याएवढे १०० गोटे मोजायचे. प्रकार, क्वार्ट्झच्या शिरा आहेत की नाहीत, शिरेच्या कडेला करडी चकाकी आहे का. शिरावाले गोटे फोडून त्यांच्या चकत्यांचा एकत्र नमुना, २ ते ३ किलो. फक्त चमकणारे गोटे उचलले तर तो नमुना राहत नाही, शोकेस होतं.

८ एप्रिल

बर्फ मागे हटल्याने उघडा पडलेला खडक. रँडॉल्फ हिमनदी यादीतली साधारण २००० सालची बाह्यरेषा आणि मागच्या सप्टेंबरातल्या चित्रावरून काढलेली बाह्यरेषा एकमेकींवर ठेवल्या. मधली कड म्हणजे सत्तरच्या दशकातल्या प्रॉस्पेक्टरांच्या हातोड्याखाली येणं शक्यच नव्हतं असा खडक. तो धुतलेला, शेवाळ-दगडफुलाविना, खरवडलेला असतो; शिरा दुरून दिसतात. पहिल्या दहा दिवसांचा कार्यक्रम याच कडेवर लावला.

उंचीच्या प्रारूपाबद्दल सूचना: कोपर्निकसचं ३० मीटरचं प्रारूप २०११ ते २०१५ च्या रडारवरून बनलंय. हिमनदीचा पृष्ठभाग त्यानंतर खाली गेलाय. खडकावर ते चालेल. बर्फावरच्या उतरण्याच्या जागा त्यावरून ठरवायच्या नाहीत. शिवाय जिथे बर्फ काठापासून हटलाय तिथली काठची मोरेन आधाराविना तिरकी उभी आहे, आत बर्फाचा गाभा. ऊन चढलं की गोटे सुटतात. त्या उतारांवर दुपारी १२ नंतर काम नाही.

२९ एप्रिल

प्रदूषण. मॉलिब्डेनम शोधताना ते आपणच नमुन्यात घालण्याच्या वाटा इतर धातूंपेक्षा जास्त आहेत.

ग्रीस. ड्रिल रॉडच्या आट्यांना लावायचं नेहमीचं काळं ग्रीस पुष्कळदा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचंच असतं, म्हणजे आपण जे खनिज शोधतोय तेच, डब्यात भरून. कोअरवर (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दांड्यावर) बोटाएवढा डाग लागला तरी त्या दोन मीटरचा आकडा गेला. शिसं, जस्त, तांब्याची पूड असलेली मिश्रणंही बाजारात आहेत. ठेकेदाराच्या करारात ओळ घातली: रॉड, केसिंग, वॉटर स्विव्हल, कोअर बॅरल या सगळ्यांना धातुविरहित वनस्पतिजन्य ग्रीस, डबा रिगवर येण्याआधी त्यातलं २० ग्रॅम लॅबला. डब्यावरचं लेबल पुरावा धरायचं नाही.

चाळण्या. ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. ३०४ मध्ये मुद्दाम घातलेलं नसतं. टिलसाठी (हिमनदीने टाकलेल्या दगडमातीसाठी) नायलॉनची जाळी, प्लास्टिकच्या कड्याची. फावडं साध्या कार्बन स्टीलचं, रंग घासून काढलेलं.

लॅबचं दळण. मॉलिब्डेनाइट मऊ आहे, काठिण्य १ ते १.५, नखाने ओरखडतं. पत्रीदार असल्याने दळणाच्या भांड्यात पिठासारखं न होता भिंतीला माखून बसतं आणि पुढच्या नमुन्यात उतरतं. शुद्ध क्वार्ट्झ वाळूने भांडं धुण्याची फेरी प्रत्येक नमुन्यानंतर मागितली. दर थोडा वाढतो, वाढू दे.

ब्लँक म्हणून, म्हणजे लॅबची तपासणी करायला मॉलिब्डेनम नसलेला नमुना म्हणून, मुंबईच्या खाणीतला बेसाल्ट पाठवू अशी एक सूचना आली. बेसाल्टमध्ये स्वतःचं एखाद-दीड पीपीएम असतंच, आणि खडी विमानाने कॅनडाला पाठवण्यात काही हशील नाही. तिथलीच धुतलेली क्वार्ट्झ खडी घ्यायची, आधी दहा नमुने तपासून.

१६ मे

सामान बांधणी. कंपासबद्दल ठळक सूचना, कारण इथे शिकलेल्या हातांना ही सवय नसते.

मुंबईत डेक्लिनेशन (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला कोन) जवळजवळ शून्य, म्हणून कोणी ते लावत नाही आणि चालूनही जातं. तिकडे ते पूर्वेला १८ ते २० अंश आहे. न लावता घेतलेली शिरांची दिशा तेवढ्याने चुकते, आणि ती चूक पुढे ड्रिलहोलच्या दिशेत शिरते. दुसरी गोष्ट सुईच्या कलाची. तिथे चुंबकीय कल ७५ अंशांच्या आसपास. भारतासाठी तोललेली सुई तिथे डोकं खाली घालून काचेला टेकते आणि अडखळते. सुईवरचं तांब्याच्या तारेचं वजन सरकवायचं किंवा उत्तर विभागाची सुई घ्यायची. हे व्हँकुव्हरला उतरल्यावर करायचं. इथे करून उपयोग नाही, इथे ती उलट दिशेला झुकेल.

वेळ: कॅम्प आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. त्यांचा संध्याकाळी ७ चा अहवाल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला. नमुन्याची तारीख नेहमी कॅम्पची. फाइलची वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ. एका दिवसाचे नमुने दोन तारखांत विभागले की साखळी जुळवताना डोकं फिरतं.

मुंबईला काय यायचं: फक्त कोअरचे आणि खडकाचे सुके तुकडे, पातळ छेदांसाठी. टिल आणि माती तिकडेच राहणार. भारतात परदेशी माती आणायला वनस्पती संगरोधाचा परवाना लागतो, आणि सहारच्या कार्गोत अडकलेली पेटी सोडवण्यात जाणारा वेळ कुठल्याही नमुन्याच्या मोलाचा नसतो. पावडरीलाही हेच लागू धरायचं. पांढरी-करडी भुकटी बघून कुठला अधिकारी काय समजेल सांगता येत नाही.

१९ जून

कॅम्प उभा राहिला. जागेचा वाद मिटला तो जुन्या इतिहासामुळे. स्ट्युअर्टजवळ ग्रँडक तांब्याच्या खाणीच्या लेड्यूक कॅम्पवर १८ फेब्रुवारी १९६५ रोजी हिमस्खलन आलं, २६ माणसं गेली. आपला कॅम्प उन्हाळी असला तरी तंबूंच्या फळ्या आणि इंधनाची पिंपं हिवाळाभर तिथेच राहणार. म्हणून हिमस्खलनाच्या वाटेपासून दूर, सोंडेवर. खालचं सपाट वाळवंट दिसायला सोयीचं, पण ते हिमनदीच्या पाण्याने आणलेलं मैदान आहे. सॅमन हिमनदीने अडवलेलं समिट तळं १९६१ पासून वारंवार फुटत आलंय. आपल्या वरच्या खोऱ्यातही बर्फाने अडवलेलं छोटं तळं चित्रात दिसतं. मैदानावर काहीही ठेवायचं नाही, रिकामं पिंपसुद्धा.

११ जुलै

मोरेन, टिल आणि पाणी यांचे पहिले आकडे. खडकात सामान्यतः १ ते २ पीपीएम मॉलिब्डेनम असतं, त्या मानाने पश्चिमेकडच्या दुसऱ्या रेघेचे गोटे स्पष्ट वर. तिन्ही थांब्यांवर. 'मूळ' रकान्यात: बर्फाने आणलं. उगम वरच्या सोंडेवर.

पॅन करू नका हा निरोप पुन्हा पाठवला. ओढ्यातली वाळू पॅनमध्ये घोळवली की सोनं, मॅग्नेटाइट तळाला राहतं. मॉलिब्डेनाइटची घनता ४.७ च्या आसपास असूनही त्याच्या पत्र्या पाणी धरत नाहीत, पृष्ठभागावर तरंगून काठावरून निघून जातात. प्लवन पद्धतीने ते इतकं सहज वेगळं होतं ते याच गुणामुळे. 'पॅनमध्ये काही नाही' या शेऱ्याला इथे किंमत नाही. ताज्या मोरेनमधली तळची टिल घ्यायची, ६३ मायक्रॉनखालचा भाग नायलॉनमधून.

पाणी. मॉलिब्डेनम तांब्याच्या उलट वागतं. तांबं, जस्त आम्लधर्मी पाण्यात चालतात. मॉलिब्डेनम ऋणभारित मॉलिब्डेट होऊन अल्कधर्मी पाण्यात चालतं आणि आम्लात लोहाच्या गंजाला चिकटून बसतं. गंजलेल्या कड्याखालच्या लाल ओढ्यात पीएच ४ च्या आसपास: मॉलिब्डेनम जवळजवळ नाही, तरी ओढ्यातल्या लाल लेपात भरपूर. तोच ओढा चुनखडीच्या पट्ट्यावरून गेला की पाण्यातला आकडा वाढतो. नकाशावर विसंगती चुनखडीपाशी दिसते, साठा तिथे नसतो. लेप आणि पाणी दोन्ही एकाच जागी घ्यायचं, पीएच आणि वाहकता तिथेच मोजायची. पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, नायट्रिक आम्लाने पीएच २ खाली. दुपारच्या वितळीत सगळं पातळ होतं. सकाळी ७ च्या आत.

हातातलं एक्सआरएफ यंत्र, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं. दोन-तीन थांब्यांवर ८ ते १५ पीपीएम दाखवतंय, लॅबमध्ये काहीच नाही. मॉलिब्डेनमची रेषा १७.४८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला; झिरकोनियमची दुसरी रेषा १७.६७ ला, युरेनियमची १७.२२ ला. ग्रॅनाइटमध्ये दोन्ही असतात आणि यंत्र गणिताने त्यांना वेगळं करताना थोडं इकडचं तिकडे टाकतं. २० पीपीएमखालचा यंत्राचा आकडा या प्रकल्पात आकडा धरायचा नाही. शंभराच्या वर असेल तर बिनधास्त.

२ ऑगस्ट

ड्रिलिंग सुरू. एचक्यू कोअर, व्यास ६३.५ मिमी. पॅड खडकावर, होल तिरकं, हिमनदीच्या काठाखाली जाणारं. बर्फावर पॅड घालून सरळ खाली जाण्याचा विचार आधीच सोडला होता: बर्फ सरकतो, केसिंग वाकतं, मग रॉड आत अडकतात.

वजनाचा हिशोब: एक मीटर एचक्यू कोअर साधारण साडेआठ किलो. तीन मीटरची पेटी म्हणजे साडेपंचवीस किलो दगड, पेटीचं वजन वेगळं. ए-स्टार बी-३ हेलिकॉप्टरच्या हुकाची कमाल मर्यादा १४०० किलो, पण उंची, ऊन आणि इंधन पाहून वैमानिक सांगेल तोच आकडा खरा. जाळ्यात २५ पेट्या, झाकणं खिळ्यांनी नाही तर स्क्रूने.

पाणी मिनिटाला ३० ते ४० लिटर लागतं आणि ते हिमनदीच्या ओढ्यातून. त्यातली दगडी पिठी पंपाचे सील खाते. आधी दोन टाक्यांत निवळू द्यायचं, तरी सुटे सील जवळ हवेत. रात्री वितळ थांबली की ओढाच आटतो, म्हणून पहाटेच्या पाळीसाठी टाक्या संध्याकाळी भरून ठेवायच्या. ऑगस्टअखेर हे आणखी वाढेल. नळी गोठली की रॉडमधलं पाणी थांबतं, बिट जळतो. हीटरची कॉइल पंपाच्या शेजारी, होलच्या तोंडाशी नाही.

कोअर हाताळणी. इथे एक मिनिट थांबण्यासारखं आहे. मॉलिब्डेनाइट क्वार्ट्झ शिरेच्या दोन्ही कडांना पातळ पापुद्र्यासारखं असतं, आणि कोअर नेमका तिथेच तुटतो, कारण ती सगळ्यात मऊ जागा. तुटलेल्या तोंडावर ते निळसर करडं, हाताला चिकटणारं. जोरात पाणी मारून ब्रशने घासलं की निम्मं जाळीतून खाली. म्हणून: ब्रश नाही, फवारा हलका, तुटलेली तोंडं जुळवून ठेवायची. मोडलेल्या, चुरा झालेल्या पट्ट्यात कोअर कापायचाच नाही. अख्खा नमुना लॅबला, फोटो आणि नोंद झाल्यावर. कोअर कमी मिळालेल्या मीटरांत आकडा कमी आला तर तो खडकाचा कमीपणा असेलच असं नाही. मिळालेल्या कोअरची टक्केवारी आकड्याशेजारीच छापायची.

ग्रॅफाइट आहे की मॉलिब्डेनाइट ही शंका पाच पेट्यांत. चकाकीच्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासायचं: ग्रॅफाइटची रेघ काळी, मॉलिब्डेनाइटची हिरवट झाक असलेली.

१९ ऑगस्ट

पावसाने गाड्या बंद, डेस्कवर दोघंच. कोअरचे फोटो घरून तपासले. ओल्या आणि सुक्या कोअरचे दोन्ही फोटो हवेत. ओल्यावर शिरा दिसतात, पण मॉलिब्डेनाइटची चकाकी पाण्याच्या चकाकीत हरवते.

३ सप्टेंबर

कापणी. शिरांची मुख्य दिशा कोअरच्या अक्षाला तिरकी. करवतीची रेघ शिरेच्या लंबवर्तुळाच्या लांब अक्षातून गेली पाहिजे, म्हणजे दोन्ही अर्ध्यांत शीर सारखी वाटली जाते. कापणारा सोयीची बाजू वर धरून कापतो आणि जाड शीर नेहमी एकाच अर्ध्यात जाते. रेघ जिऑलॉजिस्टने खडूने आखून द्यायची. दर वेळी तोच अर्धा, बाणाच्या उजवीकडचा, पिशवीत. करवतीचं पाणी फिरवून वापरायचं नाही, तळाचा काळा गाळ बघितला तर कारण वेगळं सांगावं लागत नाही.

दोन मीटरचा अर्धा एचक्यू नमुना साडेआठ किलो. दर २० नमुन्यांत एक प्रमाणित स्टँडर्ड (आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना), एक खडीचा ब्लँक, एक कोअर डुप्लिकेट. ब्लँक ठरावीक नंबरवर नाही. जिथे डोळ्याला मॉलिब्डेनाइट दिसतंय त्याच्या लगेच मागे. सोप्या जागी ठेवलेला ब्लँक पास होतोच.

२४ सप्टेंबर

पहिल्या दोन बॅचचे निकाल. स्टँडर्ड ठीक. दुसऱ्या बॅचमध्ये दोन ब्लँक वर गेले, दोन्ही जाड शिरांच्या मागचे. लॅबला विचारलं तेव्हा क्वार्ट्झ वाळूची फेरी प्रत्येक नमुन्यानंतर नाही तर दर पाचव्यानंतर झाली असं निघालं. बॅच परत. नुसते पल्प (दळलेली पूड) पुन्हा तपासून भागणार नाही, माखणं दळतानाच झालंय. भरड राखीव भागातून नव्याने दळायचं.

शिवाय काडमियमचा रकाना. चढ्या मॉलिब्डेनमच्या नमुन्यांत काडमियमही वाढलेलं दिसतं, आणि त्यावरून जस्ताच्या शिरांचा तर्क मांडायला घेतला गेला. तो तर्क थांबवला. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मॉलिब्डेनम-९५ ऑक्सिजनशी जोडलं की वस्तुमान १११, नेमकं काडमियमचं. लॅबने दुरुस्ती लावली का ते विचारायचं. जस्त सोबत वाढलेलं नसेल तर काडमियम खोटं.

१४ ऑक्टोबर

कोअरचे तुकडे आले, कस्टममधून तीन दिवसांत सुटले. पातळ छेद टाकायच्या आधी अंधाऱ्या खोलीत लघुतरंग अतिनील दिव्याखाली सगळे पाहिले. दोन तुकड्यांत भेगांवर पिवळसर उजेड: पॉवेलाइट, म्हणजे मॉलिब्डेनाइट जागच्या जागी ऑक्सिडाइज होऊन कॅल्शियमला धरलेलं. शीलाइट निळसर पांढरं उजळतं, गल्लत होऊ नये. वरच्या काही मीटरांत लिंबासारखी पिवळी भुकटी आहे ती फेरिमॉलिब्डाइट. याचा व्यवहारी अर्थ असा की त्या मीटरांतलं मॉलिब्डेनम प्लवनात येणार नाही. एकूण आकडा आणि सल्फाइडचा आकडा वेगळे द्यावे लागतील. ताज्या, बर्फाने खरवडलेल्या पृष्ठभागाखाली हा थर पातळ आहे, जुन्या सोंडेवर जाड.

रेनियम-ऑस्मियमने वय काढण्यासाठी मॉलिब्डेनाइट वेगळं काढलं. मोठ्या पत्रीत रेनियम आणि ऑस्मियम एकमेकांपासून सरकलेले असू शकतात. एक सुंदर पत्री पाठवण्यापेक्षा पुष्कळ पत्र्या एकत्र दळून पाठवायच्या. रेनियम किती ते कळलं की जातीबद्दलही बोध होईल: तांब्याच्या पॉर्फिरीत ते पुष्कळ, निव्वळ मॉलिब्डेनमच्या साठ्यात कमी. मॉलिब्डेनम आणि रेनियम दोन्ही भारताच्या २०२३ च्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहेत, म्हणून विचारणा होते. उत्तर निकाल आल्यावर.

१२ नोव्हेंबर

पुढच्या हंगामाच्या परवान्याच्या अर्जासाठी पॅडची यादी. तांबड्या कड्यावरचे दोन प्रस्तावित पॅड काढून टाकले. तिथे पायराइट आणि ओढ्याचा लाल लेप एवढंच. चुनखडीजवळचा पाण्याचा आकडा 'पाण्याने आणलं' म्हणून बंद. दुसऱ्या रेघेच्या वरच्या सोंडेवर दोन पॅड, नव्या उघड्या पडलेल्या कडेवर एक. तिसऱ्या होलच्या खालच्या भागात शिरांची दाटी वाढत जाते, होल मात्र तिथेच संपलं. ते खोल न्यायचं की बाजूने नवं टाकायचं हे परत दळलेल्या बॅचचे आकडे आल्याशिवाय ठरवायचं नाही.

स्थानिक फर्स्ट नेशनशी (मूळनिवासी समाजाशी) बोलणीसाठी पाण्याच्या नोंदी स्वतंत्र तक्त्यात: मॉलिब्डेनमसोबत तांबंही द्यायचं. रवंथ करणाऱ्या जनावरांना चाऱ्यातलं जास्तीचं मॉलिब्डेनम तांब्याची कमतरता घडवतं, त्यामुळे प्रश्न येणार तो दोघांच्या गुणोत्तराचा.

बाकी: ग्रीसच्या डब्याची तपासणी पुढच्या ठेकेदारासाठी नव्याने. नायलॉनच्या जाळ्या चार. उत्तर विभागाच्या दोन सुया. पंपाचे सील दुप्पट. हिवाळ्यात सोंडेवर ठेवलेल्या पेट्यांवर ताडपत्री आहे, पण पेट्या लाकडी पट्ट्यांवर आहेत की थेट जमिनीवर, ते फोटोत दिसत नाही; कॅम्प बंद करणाऱ्यांना विचारायचं.